पुळणीचं हवामान

रत्नागिरीचा ऑक्टोबर मला अजून मानवलेला नाही. घाटावर आमच्याकडे या दिवसांत रब्बीची पेरणी चालते आणि पहाटे अंगावर काहीतरी ओढून घ्यावं लागतं. इथं चूल पेटवायच्या आधीच पाठ भिजलेली असते. पाऊस संपला म्हणतात, पण तो संपलेला नसतो. दुपार कलली की मागच्या सड्यावर, कातळाच्या त्या पठारावर, काळे ढग चढतात, गडगडतात, कधी पडतात, कधी नुसती उमस करून निघून जातात. पिकलेलं भात शेतात उभं, होड्या कधी बंदरात कधी बाहेर, मासळी उन्हात. ज्याची त्याची वस्तू उघड्यावर, म्हणून जो तो चिडलेला. आणि त्या सगळ्यांना मिळून चिडायला एक माणूस सापडलं होतं. हवामान वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं.

ते माझ्याकडे कसं आलं ते सांगते. माझी शाळा सातवीला थांबली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरात धाकटी भावंडं होती, यापलीकडे काही कारण नाही. नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो. हातखंब्याजवळ हायवेचं काम चालू होतं तेव्हा आम्ही इकडे आलो आणि पत्र्याच्या खोपीत राहिलो. मग काम थांबलं, ठेकेदाराने माणसं पार दुसऱ्या राज्यात हलवली आणि नवरा त्यांच्याबरोबर गेला. मी गेले नाही. मुलीच्या शाळा बदलून बदलून तिचं सगळं अर्धवट राहत होतं, आणि इथल्या शाळेत ती पहिल्यांदा रमली होती. बाईंचं नाव घेऊन घरी यायची. आता तीही सातवीत होती. सातवीच्या पुढे काय असतं ते मला तिच्याकडून ऐकायचं होतं.

राहायला जागा नव्हती. बाजारात सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईपाशी मी सुकट घ्यायला थांबले होते. तिनं माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि विचारलं, "राहतेस कुठं गो?" मी खरं सांगितलं. त्या संध्याकाळी आम्ही तिच्या खळ्यामागच्या जुनी जाळी ठेवायच्या खोलीत झोपलो. तिला सगळे चाची म्हणतात, मीही म्हणते. तिचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावरचं. नवरा बोटीवर होता, तो गेला. मुलगा मस्कतला. खोलीचं भाडं तिनं कधी मागितलं नाही, खळ्यावर कामाला ये म्हणाली. तिचे उपकार मी आठवत बसत नाही. जे फुकट मिळालंय ते एका शब्दाने जाऊही शकतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

खळं म्हणजे पुळणीवरची, किनाऱ्याच्या वाळूवरची, मोठी मोकळी जागा. वरच्या अंगाला पत्र्याची शेड, तिच्यासमोर बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्या, त्यांवर बोंबील. दोऱ्यांच्या खाली समुद्राच्या बाजूला जुनी जाळी अंथरून त्यांवर जवळा, म्हणजे दाण्याएवढी बारीक कोळंबी, आणि मांदेली. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्या वरच्या रस्त्याने जाताना काचा वर करतात. आम्हाला तो वास येत नाही. मला पहिले काही दिवस आला, मग माझ्याच अंगाला लागला.

खळ्यावर एक रीत होती. सकाळी मासळी पसरायची असो की संध्याकाळी गोळा करायची, पहिली पाटी काकीने उचलायची. काकी म्हणजे खळ्यावरची सगळ्यांत थोरली बाई, वरच्या वाडीतली, कुणब्याची. तिची सासू याच खळ्यावर पहिली पाटी उचलायची, आता ही. तिच्या हाताने उचललेल्या मालाला कीड लागत नाही, असं सगळ्याजणी मानायच्या. चाचीही मानायची. तिची पाटी उचलून होईपर्यंत बाकीच्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. मी एकदा नवीन असताना वाकले, तर शेजारचीने मनगट धरून मागे ओढलं.

काकीला मी पहिल्या दिवसापासून नको होते. "घाटावर काय मासळी संपली, म्हणून हितं आलंस?" हे तिचं माझ्याशी पहिलं बोलणं. नावाने तिनं मला कधीच हाक मारली नाही. घाटीण. रागात असली तर घाटणी. चांगल्या मनःस्थितीत असली तरी घाटीणच.

तर हवामानाचं. जेटीवरून रोज सकाळी चाचीच्या मोबाईलवर एक मेसेज येतो. तो आमच्यापैकी कुणासाठी म्हणून लिहिलेला नसतो, सगळ्या कोकणपट्टीसाठी असतो. तीन भाग असतात. पहिला जमिनीचा, म्हणजे पाऊस, ऊन, वीज. दुसरा विमानांचा, म्हणजे ढग किती उंचावर, किती लांबचं दिसेल. तिसरा किनाऱ्याचा आणि समुद्राचा. चाचीला वाचता येत नाही आणि काकीला चष्मा नाही. बाकीच्या तरण्या बायकांना येतं, पण वाचायला सांगितलं की त्या हसून एकमेकींकडे ढकलायच्या. एकदा चाचीने फोन मला दिला. मी भीत भीत, पण न अडखळता वाचलं. झालं. सकाळच्या चहाला रोज मी वाचायचं ठरलं.

त्यातलंही जिचं तिचं वेगळं होतं. चाचीला फक्त विमानाचं हवं असायचं. मुलगा रजेवर यायचा होता. त्याचं विमान मुंबईला उतरणार, रत्नागिरीच्या सड्यावरच्या धावपट्टीशी त्याचा काही संबंध नाही, हे मी सांगून बघितलं. चाची म्हणाली, "आभाळ एकच हाय गो. वाच." दृश्यमानता चांगली, असं मी वाचलं की तिचा चेहरा उजळायचा. दृश्यमानता हा शब्द तिला पाठ झाला होता.

काकीला जमिनीचं लागायचं. तिचं भात वरच्या वाडीत कापणीला आलं होतं, मुलगे मुंबईला, कापायला ती आणि सून. "तुरळक ठिकाणी हलका पाऊस" असं आलं की ती माझ्यावरच उखडायची.

"तुरळक म्हणजे खंय? आमच्यात का पलीकडल्या वाडीत?"

"तेवढं लिहिलेलं नाही, काकी."

"मग काय लिवलंन हाय? तुरळक. ता मी पन सांगतंय. तुझ्या तोंडावर पडेल आनि माझ्या भातावर नाय पडायचं."

सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, कारण न हसणं परवडणारं नव्हतं.

समुद्राचं कुणालाच नको असायचं. ते पुरुषांचं. जेटीवर भोंग्यावरून सांगतात, पुरुष ऐकतात, बंदरात बावटा लागला की होड्या जात नाहीत, संपलं. मी तिसऱ्या भागापाशी आले की काकी पाटी आपटायची. "बोटीवर जातंस काय तू? बंद कर." मी बंद करायचे. पण मनात एक यायचं, ते त्या दिवसांत कुणापाशी बोलले नाही. आमची मासळी ना शेतात होती, ना समुद्रात. पुळणीवर होती. पुळणीचं त्या मेसेजमध्ये कुठंच नसायचं.

कोजागिरीच्या सुमाराची गोष्ट. त्या मोसमाचा पहिला मोठा माल खळ्यावर पडला होता. जवळा इतका आला होता की जाळी कमी पडली, घरातल्या ताडपत्र्या आणल्या. चाचीचा सगळा जीव त्यात होता. हातखंब्याचा व्यापारी पहिला माल हातात घेऊन, चुरून, हुंगून बघतो आणि वर्षभर कुणाच्या खळ्यावरून उचलायचं ते ठरवतो. आदल्या वर्षी पावसाने माल काळा पडला म्हणून त्याने दुसरं खळं धरलं होतं. यंदाही पाठ फिरवली तर खळं बंद करून मुलाकडे जाते, असं चाची दोनदा बोलून गेली होती. तिने सहज म्हटलं असेल. मी मात्र पुढचं जोडत गेले. खळं बंद म्हणजे खोली बंद, खोली बंद म्हणजे मुलीची शाळा.

सकाळी चहाला मी मेसेज उघडला. जमिनीवर हवामान कोरडं, आकाश निरभ्र. काकीने पदराने तोंड पुसलं, बरं वाटलं तिला. विमानांसाठी ढग नाहीत, दृश्यमानता चांगली. चाची मात्र हसली नाही. आदल्या दिवशीच मुलाचा फोन आला होता, तिकडे वादळाचा पाऊस कोसळतोय, विमान पुढे ढकललंय म्हणून. ती म्हणाली, "हितं चांगली आनि तितं नाय. मग काय उपेग?"

मी थांबले नाही. तिसरा भाग वाचत गेले. खोल समुद्रातलं वादळ ओमानकडे सरकतंय. किनाऱ्यावर वारा नाही. पण येत्या दोन दिवसांत उंच उसळत्या लाटांची शक्यता, भरतीच्या वेळी पाणी नेहमीच्या रेषेच्या वर येऊ शकतं, किनाऱ्यावरच्या वस्तू सुरक्षित जागी हलवाव्यात.

काकीने पाटी आपटली. "झालं तुझं?"

"काकी, किनाऱ्यावरच्या वस्तू म्हणतेत वो. म्हणजे आपलीच की."

"आपली? तुझी कधीपासून झाली गो?"

कुणीतरी हसलं. मी समुद्राकडे बघितलं. तो शांत होता, ऊन त्याच्यावर सांडलेलं. मलाही वाटलं, मी कुठून आले हे सांगायला. पण दुपारी पुनवेची भरती होती, मोठी, आणि जवळा खालपर्यंत पसरलेला. मी चाचीकडे बघून म्हणाले, "तुमच्या पोराकडं पडतंय तेच वादळ हाय हे, चाची. तेच पाणी हिकडं ढकलणार असेल."

चाचीने खालच्या जवळ्यावरून पाण्यापर्यंत नजर नेली. मग म्हणाली, "काकी, उचल."

"ओला जवळा उचलू? शेडमधी कोंबला तर आंबेल. मी नाय उचलायची."

"मी सांगतंय."

"सांग. खळं तुझं, हात माझा."

आणि ती खरंच हात मागे बांधून उभी राहिली. तिच्यामागे बाकीच्याही. कुणी वाकेना. चाची एकदा तिच्याकडे बघायची, एकदा पाण्याकडे. तिला गुडघ्यांमुळे पाटी उचलता येत नाही. ऊन चढत चाललं होतं. मी वाकले आणि पहिली पाटी भरून डोक्यावर घेतली.

शेडकडे चालताना मागून काकीचा आवाज आला, मोठा नाही, नेहमीसारखाच. "हिनं उचललान. आता ह्या मालाला काय व्हईल ता बघा."

चाचीने सगळ्यांना कामाला लावलं. त्या लागल्या, पण ज्या हातांनी जवळा हळूच गोळा करतात त्याच हातांनी त्या दिवशी खरवडून भरला, वाळूसकट. दुपारी भरती आली. नेहमीच्या रेषेपर्यंत आली, थोडा फेस टाकला, आणि गेली. आभाळ निळं, वारा नाही. शेडच्या पत्र्याखाली जवळ्याचा ढीग गरम होऊ लागला होता. मी हात घातला तर आत ताज्या भाकरीच्या टोपलीसारखी ऊब. त्याला आंबूस वास धरायला लागला होता.

"दुरून आलेली अक्कल," काकी म्हणाली.

दुपारनंतर सगळं परत बाहेर काढलं, पण ऊन उतरलं होतं. त्या दिवशी मला चहाचा पेला कुणी दिला नाही. मी स्वतः घेतला तेव्हा एकीने आपला पेला उचलून बाजूला ठेवला. संध्याकाळी चाची खोलीच्या दारापर्यंत आली. म्हणाली काहीच नाही, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. रात्रीचीही भरती आली आणि गेली, आवाजावरून मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी सगळ्यांच्या आधी खळ्यावर हजर. आंबायला लागलेला जवळा वाचवायचा तर पातळ पसरायला हवा, एकावर एक दाणा नको. पातळ पसरायचा म्हणजे जागा जास्त लागणार. वर दोऱ्या आणि शेड, म्हणून ताडपत्र्या खाली खाली सरकत गेल्या, ओल्या वाळूच्या जवळपर्यंत. मी तोंड उघडलं.

"काकी, एवढं खाली..."

"आन तो फोन हिकडं."

मी दिला. तिनं तो वाळूवर ठेवला, त्याच्यावर रिकामी पाटी पालथी घातली आणि पाटीवर बसली. "आज हवामान आमी डोळ्यानं बघू."

बायका हसल्या. चाची समोर होती. तिनं मान वळवली. त्याचं मला जे लागलं ते काकीच्या बोलण्याने कधी लागलं नव्हतं.

चहाच्या वेळेला पाटीखाली फोन थरथरला. सगळ्यांनी ऐकलं, पाटीच्या बांबूमधून घर्र आवाज आला. काकीने चहाचा घोट घेतला, पण बूड हलवलं नाही. एक बाई म्हणाली, "काकी, खाली मांजर गुरगुरतंय." काकी म्हणाली, "घाटावरचं हाय. चावायचं नाय."

मी जवळा उलटत होते. सूर्य डोक्यावर यायच्या बेताला आला. वारा अजिबात नव्हता, म्हणून वेगळं काही आहे हे आधी आवाजाने कळलं. लाट फुटते तो आवाज नव्हे. समुद्र मागे जाताना दगडगोटे ओढून नेतो तसा लांब, खोल आवाज. मी मान वर केली तर पाणी फार मागे गेलं होतं. भरतीच्या वेळेला पाणी मागे. मग ते आलं. फेसाळत, धावत नाही आलं. सपाट आलं, एखाद्याने चादर ओढून घ्यावी तसं, आणि खालच्या ताडपत्र्या तरंगायला लागल्या.

त्यानंतर पहिली पाटी कुणी उचलायची हे कुणी विचारलं नाही. जिच्या हाताला जे लागलं ते. पदर खोचून, ताडपत्रीची टोकं धरून, वर ओढत. दुसरं पाणी आलं ते गुडघ्यापर्यंत. तिसरं शेडच्या खांबाला लागलं. मी एका ताडपत्रीचं टोक धरलं होतं, दुसरं टोक कुणी धरलंय बघितलं तर काकी. ती ओरडत होती, "वर वर, वर घे मेले, वाकून काय बघतंस." आम्ही दोघींनी ती वर नेली. तिचं पाऊल दगडावर आपटून नख फुटलं होतं, ते तिला नंतर कळलं. जिच्यावर ती बसली होती ती पाटी पाण्यावर गोल फिरत चालली होती. फोन मला शेडजवळच्या वाळूत सापडला, मेलेला.

पाणी उतरलं तेव्हा खालचा सगळा जवळा गेला होता आणि मधला वाळूत मिसळला होता. वरच्या काही ताडपत्र्या राहिल्या आणि दोऱ्यांवरचे बोंबील राहिले. आभाळ तसंच निळं. सड्यावरून एक हेलिकॉप्टर किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं, होड्या बघत असेल. चाची त्याच्याकडे बघत वाळूत बसून राहिली.

मला वाटलं होतं की आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. म्हटलं. काकी पायाला फडकं बांधत म्हणाली, "काल हिनं उचलायला लावलान नसतं तर आज येवढं खाली पसरावं लागलं नसतं."

यात तिचं खोटं नव्हतं. जवळा आंबला म्हणून पातळ पसरला, पातळ पसरला म्हणून खाली गेला. आणि पाणी कालच येईल असं मी धरून बसले, मेसेजमध्ये तर दोन दिवस म्हटलं होतं. पण फोनवर कोण बसलं होतं, हे मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. माझ्या तोंडात खोली होती, शाळा होती.

"आनि पहिली पाटी," काकी म्हणाली. "ता मी ईसरायची नाय. चाची, ही हितं राहणार असेल तर मी यायची नाय. आमच्यातली कोन यायची नाय."

बाकीच्या खाली बघत होत्या. मी उभी होते ती तशीच. घरातलं सामान किती आहे, ते किती पिशव्यांत मावेल, याचा हिशोब माझ्या डोक्यात सुरू झाला होता.

चाची वाळूतून उठली. तिला उठायला वेळ लागतो, कुणी हात दिला तर चिडते. उठून म्हणाली, "नको येऊ. हिलाही घालवतंय, तुलाही घालवतंय. मी आनि कावळे वाळवतो." मग माझ्याकडे वळून, तितक्याच रागाने, "आनि तू काय उभी हाईस? बोंबील काढ. रात्रीची भरती यायचीय."

मी बोंबील काढायला लागले. ती मला ठेवतेय की काढतेय हे मला त्या शब्दांवरून कळलं नाही. पण काम सांगितलं होतं. ज्याला घालवायचं त्याला संध्याकाळचं काम सांगत नाहीत, एवढं मी धरून चालले.

पुढचे काही दिवस खळ्यावर आम्ही दोघीच होतो आणि कावळे खरंच होते. हातखंब्याचा व्यापारी आला. बोंबील हातात घेऊन मोडून बघितला, हुंगला, घेतला. जवळ्याला हात लावला, वाळू बोटांना लागली, हात झटकला. "बोंबील इथला. जवळ्याचं पुढच्या मालाला बघू," म्हणाला. चाचीने त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर तिने त्याचा पेला विसळून पालथा घातला. मग म्हणाली, "अर्धं खळं राहिलं." मस्कतला जायचं ती बोलली नाही. मी विचारलंही नाही.

तिचा मुलगा आला, वेळेपेक्षा उशिरा, पण आला. पहिल्या जेवणाला त्याने जवळ्याची चटणी मागितली. चाचीने वाचलेल्या जवळ्यातली केली. तो एक घास खाऊन थांबला, जीभ फिरवली, आणि म्हणाला, "अम्मा, यात रेती हाय." चाची म्हणाली, "तुझ्या वादळाची हाय. खा." मेसेज वाचायला म्हणून त्याने आपला जुना फोन मला दिला, काच चिरलेली पण चालणारा.

काकी परत कशी आली ते सांगून संपवते. भात कापून शेतातच वाळत पडलं होतं, आणि संध्याकाळी सड्यावर परत ढग चढायला लागले होते. एका सकाळी ती खळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली, आत पाय न टाकता. तिच्याबरोबर सून. तिनं सुनेला सांगितलं, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, "विचार तिला, आज पाऊस काय."

सून माझ्याकडे बघून अवघडली. मी फोन काढला. जमिनीचं वाचलं. दुपारनंतर गडगडाट, हलका पाऊस, तुरळक ठिकाणी. काकीने नाकाने आवाज काढला, पण तुरळकवर काही बोलली नाही. सुनेला म्हणाली, "भारे आत घे आधी. जा." सून पळाली. काकी तिथंच राहिली.

मी फोन बंद करणार होते, सवयीने.

"पानी राहिलं," ती म्हणाली. समुद्राकडे बघून, माझ्याकडे नाही.

मी वाचलं. समुद्र शांत, वारा हलका, लाटांचा इशारा नाही.

मग ती आत आली. पहिली पाटी उचलली आणि नेहमीच्या जागेवर न जाता वर, दोऱ्यांच्या खांबांपर्यंत नेऊन ओतली. समुद्र शांत असताना. परत आली तेव्हा मी मागे हात बांधून उभी होते, बाकीच्या उभ्या राहायच्या तशी, आणि माझ्याशिवाय तिथं तशी उभी राहायला कुणी नव्हतं.

"काय बघतंस घाटणी," ती म्हणाली. "दुसरी कोन तुझी आय उचलनार?"

मी दुसरी पाटी उचलली. त्यानंतर दुसरी पाटी माझीच आहे. बाकीच्याही एकेक करून परत आल्या. काकी अजून माझ्या हातचा चहा घेत नाही, आणि मी अडखळले की तिला आनंद होतो. मुलगी पुढच्या वर्गात गेली. मी सकाळी फोन उघडायच्या आधी एकदा खाली पाण्यापर्यंत जाऊन येते, रात्रीची ओली रेषा कुठपर्यंत आली होती ते बघते, आणि मग वाचायला बसते. आता तिसरा भाग आधी वाचते. काकी पाटी आपटत नाही, फक्त म्हणते, "मोठ्यानं वाच. घाटापर्यंत ऐकू जाऊ दे."